कॉलेजच्या वयातले लैंगिक आरोग्य : कुणाला विचारायचे, कुठे जायचे

लैंगिक आरोग्य म्हणजे केवळ गुप्तरोग नसणे नव्हे. आपल्या शरीराची खरी माहिती असणे, पाळीचे आजार वेळेवर दाखवता येणे, नको असलेला गर्भ टाळण्याची सोय हाताशी असणे, संसर्गापासून बचाव करता येणे, आपल्या मनाविरुद्ध कुणी हात लावणार नाही याची खात्री असणे आणि या सगळ्याबद्दल न घाबरता कुणाला तरी विचारता येणे, एवढे सारे त्यात येते. कॉलेजच्या वयात या गोष्टींची गरज सर्वाधिक असते. घरातून बाहेर पडण्याचे, प्रेमात पडण्याचे आणि अनेक मुलींच्या बाबतीत लग्न ठरण्याचेही तेच वय. नेमक्या त्याच वयात विचारायला माणूस सापडत नाही. आई-वडिलांशी बोलायची सोय नसते, शिक्षक हा धडा वगळून पुढे जातात आणि डॉक्टर घरच्यांच्या ओळखीचे निघतात.

पुणे जिल्ह्यातल्या भोर तालुक्यातले आंबवडे हे या दृष्टीने पाहण्यासारखे गाव आहे. भोरहून मांढरदेवीकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या या गावातला किंवा आसपासच्या वाड्यांमधला मुलगा बारावीनंतर बहुधा एसटीने भोरच्या कॉलेजात जातो, नाहीतर पुण्यात खोली घेऊन राहतो. भोर आणि वेल्हे (आता राजगड) तालुक्यांतली कॉलेजे सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाला जोडलेली आहेत. कागदोपत्री हा मुलगा आणि पुण्यात गणेशखिंडीतल्या विद्यापीठाच्या आवारात राहणारा मुलगा एकाच विद्यापीठाचे विद्यार्थी. पण विद्यापीठाचे आरोग्य केंद्र, समुपदेशक, शहरातल्या संस्था आणि खासगी तज्ज्ञ हे सगळे दुसऱ्याच्या वाट्याला येते. पहिल्यासाठी असते ती सरकारी आरोग्यव्यवस्था. ती वाटते तितकी तोकडी नाही, पण तिचा पत्ता त्याला कुणी सांगितलेला नसतो.

कॉलेजात येणारी मुले कोरी पाटी घेऊन येत नाहीत, चुकीच्या माहितीचे ओझे घेऊन येतात. 2007 साली शाळांमधल्या किशोरवयीन शिक्षणाच्या कार्यक्रमावरून महाराष्ट्राच्या विधिमंडळात गदारोळ झाला आणि राज्याने तो कार्यक्रम थांबवला. आपल्या संस्कृतीत हे बसत नाही, असे कारण देण्यात आले. जी जागा शिक्षकाने भरायची ती मग मोबाइलवरच्या अश्लील चित्रफितींनी आणि भिंतींवरच्या जाहिरातींनी भरली. एसटी स्टँडच्या मुतारीबाहेर ‘गुप्तरोग, कमजोरी, धातू जाणे, खात्रीशीर इलाज’ अशी पत्रके आजही चिकटवलेली दिसतात. 1954 च्या औषधे व जादूटोणा उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याने अशा जाहिरातींना बंदी आहे, तरीही. हस्तमैथुनाने शक्ती जाते, झोपेत वीर्य गेले की माणूस खंगतो, या भीतीवर हा सारा धंदा उभा आहे. वास्तविक या दोन्ही गोष्टी निरोगी शरीराच्या आहेत आणि त्यांना औषध लागत नाही. भीतीने पोखरलेला मुलगा मात्र खोलीचे भाडे चुकवून चूर्णाच्या डब्या घेतो आणि हे कुणालाही सांगत नाही.

मुलींची भीती निराळी असते. पहिल्या रात्री रक्त आले नाही तर काय, हा प्रश्न शिकलेल्या घरांतही विचारला जातो. योनिपटल खेळताना, सायकल चालवतानाही ताणले किंवा फाटले जाऊ शकते, काहींना ते जन्मतःच अगदी नाममात्र असते, आणि त्यावरून मुलीचे कौमार्य ओळखता येत नाही. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाने 2019 मध्ये कौमार्याच्या खुणांचा भाग वैद्यकीय अभ्यासक्रमातून वगळला. सेवाग्रामच्या न्यायवैद्यक तज्ज्ञांनी त्यासाठी पाठपुरावा केला होता. डॉक्टरांच्या पुस्तकातून ही समजूत इतक्या उशिरा गेली, तर गावातून ती जायला वेळ लागणार हे उघड आहे.

अंगावरून पांढरे जाणे, पाळीत असह्य दुखणे, दोन-दोन महिने पाळी न येणे, लघवीला जळजळ होणे या तक्रारी मुली अंगावर काढतात. त्याची किंमत किती मोठी असते हे डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांत केलेल्या अभ्यासाने जगाला दाखवले. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात तो 1989 साली प्रसिद्ध झाला. तपासलेल्या 650 स्त्रियांपैकी 92 टक्के स्त्रियांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होता, आणि त्याआधी कधीतरी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया फक्त 8 टक्के होत्या. त्या स्त्रिया विद्यार्थिनी नव्हत्या. पण आजार दडवण्याची सवय लागते ती मुलगी वयात येते तेव्हाच, म्हणून हा अभ्यास कॉलेजच्या आरोग्याच्या चर्चेतही महत्त्वाचा ठरतो.

या विषयावर मराठीत मोकळेपणाने लिहिण्याची सुरुवात मात्र फार जुनी आहे, आणि तिचा अभिमान बाळगायला हवा. गणिताचे प्राध्यापक असलेले रघुनाथ धोंडो कर्वे यांनी 1921 मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले. लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचे केंद्र उघडले तेही याच वर्षी. विल्सन कॉलेजमधली नोकरी त्यांना या कामापायी सोडावी लागली. जुलै 1927 पासून 1953 मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवले. त्यात वाचकांच्या शंकांना ते नाव न छापता उत्तरे देत. हस्तमैथुन, समलिंगी आकर्षण, गर्भनिरोध यांबद्दल लोक त्यांना लिहून विचारत, आणि कर्वे शास्त्राला धरून, समोरच्याला न हिणवता उत्तर देत. याच उत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला भरला गेला. 1934 मध्ये त्यांच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर न्यायालयात उभे राहिले. लैंगिक प्रश्नांवर लिहिणे म्हणजे अश्लीलता नव्हे, हा त्यांच्या युक्तिवादाचा गाभा होता. खटला कर्वे हरले आणि दंड भरावा लागला. तरी शंका विचारणाऱ्याचे नाव गुप्त राखून खरे उत्तर देणे ही पद्धत त्यांनी मराठीत रुजवली. आजच्या समुपदेशन केंद्रांचे काम याहून वेगळे नाही.

आता प्रत्यक्ष सेवांविषयी. गावपातळीवर आशा कार्यकर्ती आणि उपकेंद्राची परिचारिका असते. निरोध, गर्भनिरोधक गोळ्या, गर्भधारणा तपासणीची किट आशाकडे मिळते. विवाहित स्त्रीला हा मार्ग सोयीचा असतो. अविवाहित मुलीला तो बहुतेकदा बंदच असतो, कारण आशाताई शेजारच्या आळीत राहते, आईची मैत्रीण असते. यात आशाताईंचा दोष नाही, गावाचा आकारच तसा असतो. म्हणून विद्यार्थ्यांच्या दृष्टीने भोरसारख्या तालुक्याच्या ठिकाणची उपजिल्हा रुग्णालये आणि ग्रामीण रुग्णालये अधिक उपयोगाची ठरतात. तिथे गर्दी असते, आणि गर्दीत माणूस ओळखला जात नाही.

या पातळीवरच्या रुग्णालयांत साधारणपणे तीन सोयी शोधाव्यात. पहिली, एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्र, ज्याला रुग्णालयात सगळे ‘आयसीटीसी’ म्हणतात. इथे एचआयव्हीची चाचणी मोफत होते आणि चाचणीआधी व नंतर समुपदेशक स्वतंत्र खोलीत बोलतो. संसर्ग होऊनही सुरुवातीच्या काही आठवड्यांत चाचणीत तो दिसत नाही, म्हणून धोक्याचा प्रसंग अलीकडचा असेल तर तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी करायला सांगतात. दुसरी सोय सुरक्षा क्लिनिकची. लैंगिक संसर्गांवर इथे मोफत उपचार होतात. गोळ्यांची पाकिटे आजाराच्या लक्षणांप्रमाणे वेगवेगळ्या रंगांची असतात, त्यामुळे खिडकीवर आजाराचे नाव मोठ्याने सांगण्याची वेळ येत नाही. तिसरी सोय ‘मैत्री’ क्लिनिक. 7 जानेवारी 2014 रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमाखाली 10 ते 19 वर्षांच्या मुलामुलींसाठी ही केंद्रे चालतात आणि महाराष्ट्रात त्यांना हे नाव आहे. कॉलेजच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाची मुले या वयोगटात बसतात, पण हे ठाऊक असलेला विद्यार्थी विरळा. वयाची 19 वर्षे उलटली की ही व्यवस्था अचानक हात काढून घेते. तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याची गरज कमी झालेली नसते, तेव्हा ही मर्यादा वाढवायलाच हवी.

लैंगिक संसर्गाबाबत एक गोष्ट सर्वांनी लक्षात ठेवावी. पुष्कळदा लक्षणेच नसतात, विशेषतः मुलींमध्ये. क्लॅमिडिया किंवा परमा शरीरात मुकाट राहून गर्भनलिकांना इजा करू शकतो आणि ते कळते मूल होत नाही तेव्हा. फोड, व्रण, पू, जांघेत गाठ यांपैकी काही दिसले तर उशीर न करता जावे, आणि उपचार जोडीदारावरही व्हावा लागतो, नाहीतर संसर्ग परत येतो. एचआयव्हीचा धोका वाटावा असा प्रसंग घडला, निरोध फाटला किंवा बळजबरी झाली, तर 72 तासांच्या आत सुरू केलेली आणि 28 दिवस घेतलेली औषधे संसर्ग रोखू शकतात. पहिले काही तास सर्वांत मोलाचे असल्याने रविवार आहे, उद्या पाहू, असे म्हणून थांबू नये. सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागात जाऊन थेट ही औषधे मागावीत.

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारणीभूत होणाऱ्या एचपीव्ही विषाणूवर लस आहे, आणि पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने बनवलेली ‘सर्व्हावॅक’ ही भारतीय लस 2023 मध्ये बाजारात आली. 9 ते 14 वयात तिचे दोन डोस पुरतात, 15 ते 26 वयात तीन लागतात. लैंगिक संबंध सुरू होण्याआधी घेतली तर फायदा सर्वाधिक, पण कॉलेजातल्या मुलींसाठी आणि मुलांसाठीही वेळ गेलेली नसते.

गर्भनिरोधाच्या साधनांमध्ये गर्भ आणि संसर्ग दोन्ही रोखते ते एकच, निरोध. बाकीची साधने फक्त गर्भ रोखतात. सरकारी केंद्रांत ‘माला-एन’ या रोजच्या गोळ्या, लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत शोध लागलेली ‘छाया’ ही बिनहार्मोनची गोळी आणि तीन महिन्यांतून एकदा घ्यायचे ‘अंतरा’ इंजेक्शन मोफत मिळते. तातडीची गोळी औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळते. ती संबंधानंतर 72 तासांच्या आत, आणि जितकी लवकर तितकी चांगली. ती गर्भपाताची गोळी नव्हे. आधीच राहिलेला गर्भ तिने पडत नाही, आणि नेहमीचे साधन म्हणून ती वापरू नये, कारण रोजच्या गोळीइतकी ती भरवशाची नसते आणि पाळीचे चक्र विस्कळीत करते.

गर्भपाताबाबतचा गोंधळ सर्वांत घातक आहे. भारतात 1971 पासून गर्भपात कायदेशीर आहे. ज्या समितीच्या शिफारशीवरून तो कायदा झाला तिचे अध्यक्ष शांतीलाल शाह हे महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री होते. पण गर्भलिंगनिदानाविरुद्धच्या मोहिमेत ‘गर्भपात हा गुन्हा आहे’ असाच अर्थ लोकांच्या मनात बसला, अगदी काही औषध दुकानदारांच्याही. गुन्हा आहे तो लिंग तपासण्याचा. 2021 च्या दुरुस्तीने कायद्यातल्या ‘विवाहित स्त्री किंवा तिचा पती’ या शब्दांच्या जागी ‘स्त्री किंवा तिचा जोडीदार’ हे शब्द आले. त्यामुळे गर्भनिरोधक साधन अयशस्वी ठरल्याचे कारण अविवाहित मुलीलाही देता येते. 20 आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचे मत पुरते, 20 ते 24 आठवड्यांपर्यंत ठरावीक परिस्थितीत दोघांचे लागते. 29 सप्टेंबर 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयाने या दुसऱ्या टप्प्यातही अविवाहित स्त्रीला वगळता येणार नाही असा निकाल दिला. 18 वर्षे पूर्ण झालेल्या मुलीच्या बाबतीत फक्त तिची स्वतःची संमती लागते. आई-वडिलांची नाही, मुलाची नाही, नवऱ्याचीही नाही. तिचे नाव उघड करणाऱ्या डॉक्टरला शिक्षेची तरतूद आहे. गोळ्यांनी होणारा गर्भपात 9 आठवड्यांपर्यंत आणि डॉक्टरच्या देखरेखीखालीच करायचा असतो. मैत्रिणीकरवी आणलेल्या गोळ्या खोलीत एकटीने घेण्यात जास्त रक्तस्रावाचा आणि गर्भ नलिकेत असल्यास जिवाचा धोका असतो. पाळी चुकल्यावर आठवडाभरात घरच्या किटने तपासणी करून डॉक्टरकडे गेले, तर हा सारा प्रश्न दोन-तीन भेटींत सुटू शकतो. उशीर होतो तो वैद्यकामुळे नव्हे, लपवालपवीमुळे.

18 या आकड्याला कायद्यात फार वजन आहे. अकरावी-बारावीतली आणि पदवीच्या पहिल्या वर्षातली पुष्कळ मुले सतराच्या आसपास असतात. 2012 च्या पोक्सो कायद्याप्रमाणे 18 वर्षांखालील व्यक्तीशी संबंध हा गुन्हा आहे, तिची संमती असली तरी, आणि समोरचा मुलगा वर्गमित्र असला तरी. माहिती मिळाल्यावर डॉक्टरने पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. यामुळे सतरा वर्षांची गरोदर मुलगी रुग्णालयाच्या पायरीवरूनच परत फिरते. 2022 च्या त्याच निकालात न्यायालयाने वाट काढली : परस्परसंमतीच्या प्रकरणात मुलीने आणि तिच्या पालकाने विनंती केल्यास डॉक्टरने कळवताना तिचे नाव-गाव उघड करण्याची गरज नाही. ही सवलत प्रत्येक ग्रामीण डॉक्टरला माहीत असायला हवी.

गोपनीयता ही या सगळ्यातली कळीची गोष्ट आहे. भोरच्या बाजारपेठेत औषधाच्या दुकानात उभ्या असलेल्या मुलीला मागून ‘काय गं, तुझे पप्पा कुठायत?’ असे कुणीतरी विचारते, आणि ती क्रोसिन घेऊन परत जाते. अशा ठिकाणी सेवा आहे एवढे पुरत नाही, ती बोभाटा न होता मिळाली पाहिजे. पुण्याला हे दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी कळले होते. 1863 साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले आणि गर्भार विधवांनी तिथे गुपचूप येऊन बाळंत व्हावे, असे आवाहन केले. त्या बाईला नाव विचारून अपमान करण्याऐवजी तिला आडोसा देणे हेच त्या घराचे काम होते. तिथेच जन्मलेल्या यशवंतला फुले दांपत्याने दत्तक घेतले. ज्या विद्यापीठाला आज सावित्रीबाईंचे नाव आहे, त्याच्या प्रत्येक संलग्न कॉलेजात असा आडोसा असावा ही अपेक्षा मुळीच मोठी नाही.

एचआयव्हीच्या बाबतीत तर हा आडोसा कायद्यानेच दिलेला आहे. 2017 चा एचआयव्ही व एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा 10 सप्टेंबर 2018 पासून लागू झाला. त्यानुसार माहितीपूर्ण संमतीशिवाय चाचणी करता येत नाही, निकाल कुणाला सांगता येत नाही आणि एचआयव्ही आहे म्हणून शिक्षण किंवा वसतिगृह नाकारता येत नाही.

समलिंगी आकर्षण असलेल्या विद्यार्थ्यांना दुहेरी एकटेपणा सोसावा लागतो. सर्वोच्च न्यायालयाच्या 6 सप्टेंबर 2018 च्या निकालाने प्रौढांमधल्या संमतीच्या समलिंगी संबंधांवरचा गुन्ह्याचा शिक्का पुसला, पण गावाकडे लग्नाचा तगादा त्याने थांबत नाही. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी 2002 मध्ये स्थापन केलेल्या समपथिक ट्रस्टने या विषयावर मराठीत पुस्तके आणि समुपदेशन उपलब्ध केले. मनावरचा ताण असह्य झाला तर 14416 या टेली-मानस क्रमांकावर चोवीस तास बोलता येते, आणि ते मराठीतही.

बळजबरी किंवा छळ झाला असेल तर दोन वाटा आहेत आणि दोन्ही एकाच वेळी चालता येतात. कॉलेजात कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्याप्रमाणे आणि विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2015 च्या नियमांप्रमाणे अंतर्गत तक्रार समिती असावीच लागते. घटनेपासून तीन महिन्यांच्या आत तिच्याकडे लेखी तक्रार देता येते, आणि कारण असेल तर मुदत वाढते. समितीत विद्यार्थी प्रतिनिधीही असतात. बलात्काराच्या प्रसंगी सरकारी असो वा खासगी, कोणत्याही रुग्णालयाने मोफत प्रथमोपचार द्यायचे असतात, पोलिसांत तक्रार झाली नाही म्हणून परत पाठवता येत नाही. महाराष्ट्राची मनोधैर्य योजना पीडितेला आर्थिक मदत देते. फोटो किंवा चित्रफीत पसरवण्याची धमकी हा अलीकडे वाढलेला प्रकार आहे. त्यात पैसे न देता 1930 या सायबर क्रमांकावर कळवावे.

कॉलेजांना यासाठी नवी यंत्रणा उभारावी लागत नाही. राष्ट्रीय सेवा योजनेचे सात दिवसांचे शिबिर दरवर्षी होते, रेड रिबन क्लब अनेक कॉलेजांत नावापुरता का होईना असतो, आणि विद्यार्थी विकास मंडळाचे निर्भय कन्या अभियान मुलींपर्यंत पोहोचते. हे सगळे उपक्रम 1 डिसेंबरच्या, एड्स दिनाच्या प्रभातफेरीवर आणि रांगोळी स्पर्धेवर थांबतात ही खंत आहे. डॉ. राणी बंग यांच्या ‘तारुण्यभान’ शिबिरांनी महाराष्ट्रभरच्या कॉलेजांत दाखवून दिले की मुलामुलींना एकत्र बसवून, चित्रे दाखवून, चिठ्ठ्यांवर निनावी प्रश्न घेऊन तीन दिवस बोलता येते, आणि आभाळ कोसळत नाही. भोरच्या शेजारच्या पुरंदर तालुक्यात ‘मासूम’ ही संस्था 1987 पासून ग्रामीण स्त्रियांच्या आरोग्यावर काम करते. पुण्यातला तथापि ट्रस्ट शरीर साक्षरतेचे मराठी साहित्य तयार करतो आणि शिक्षकांना प्रशिक्षण देतो. ‘प्रयास’चा आरोग्य गट एचआयव्ही आणि तरुणांच्या लैंगिक आरोग्यावर अनेक वर्षे काम व संशोधन करतो आहे. भोर-वेल्ह्याच्या कॉलेजांना ही माणसे एसटीच्या अंतरावर आहेत.

त्यांना बोलावले जाईपर्यंत प्रत्येक कॉलेजने एक काम याच सत्रात करावे. एचआयव्ही व लैंगिक संसर्गासाठीचा 1097, आरोग्य सल्ल्याचा 104, महिलांसाठीचा 181, 18 वर्षांखालील मुलांसाठी 1098, आणि जवळच्या रुग्णालयातल्या समुपदेशन केंद्राची खोली व वेळ, एवढा मजकूर एका कागदावर छापून मुलांच्या आणि मुलींच्या दोन्ही स्वच्छतागृहांत दाराच्या आतल्या बाजूला चिकटवावा. कार्यालयासमोरच्या फलकावर तो लावला तर त्याच्यापुढे उभे राहून तो वाचण्याची हिंमत कुणी करणार नाही.